जखमींसाठी विमान मागणाऱ्या मारीबाई



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सुचविले. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी माझ्याहून अधिकारी भगिनी लिहितील. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिच्या तोंडून एका फ्रेंच बाईची हकिगत मी ऐकली, आणि मग तिच्याकडून आणखी माहिती काढून घेतली. तीच येथे माझ्या साध्या भाषेत सांगते.

या बाईंचे नाव मारी मार्व्हँ. त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १८७५ रोजी फ्रान्समधील ओरियाक या गावी झाला. वडील टपालखात्यात वरच्या हुद्द्यावर होते. त्यांना पोहण्याचा व डोंगर चढण्याचा मोठा नाद, आणि लेकीलाही त्यांनी हे सारे लहानपणापासून शिकविले. मारी चौदा वर्षांची असताना आई वारली. वडील मुलांना घेऊन नान्सी या शहरी राहावयास आले आणि घराचा भार या पोरक्या मुलीवर पडला. स्वयंपाकपाणी, वडिलांचे पथ्यपाणी, प्रकृतीने नाजूक असलेल्या धाकट्या भावाची देखभाल, हे सर्व सांभाळून तिने आपले खेळ सोडले नाहीत. चूल सांभाळणाऱ्या बाईला बाहेरचे जग बंद असते असे समजणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

पुढे मारीबाई पोहणे, सायकल, घोडेस्वारी, नेमबाजी, बर्फावरून घसरत जाणे, अशा नाना खेळांत तरबेज झाल्या. १९०८ साली फ्रान्सभर फिरणाऱ्या प्रसिद्ध सायकल-शर्यतीत त्यांना भाग घ्यावयाचा होता. बायकांना प्रवेश नाही म्हणून नकार आला. तेव्हा शर्यतीच्या मागोमाग त्यांनी तोच मार्ग एकटीने पुरा केला असे सांगतात. तो मार्ग सुमारे साडेचार हजार किलोमीटरांचा होता आणि शंभरावर पुरुष स्पर्धकांपैकी अवघे ३६ शेवटास पोहोचले होते. १९१० साली फ्रान्सच्या क्रीडा-अकादमीने त्यांना सर्व खेळांतील प्रावीण्याबद्दल सुवर्णपदक दिले. वर्तमानपत्रांनी तर त्यांना संकटाची वाग्दत्त वधू असे नावच देऊन टाकले. त्यांनी लग्न मात्र कधीच केले नाही.

ऑक्टोबर १९०९ मध्ये त्या गॅसच्या बलूनमधून नान्सीहून निघाल्या आणि वादळवाऱ्यातून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्या. बलून चालवीत असा समुद्र ओलांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९१० रोजी, त्यांना विमान चालविण्याचा परवाना मिळाला. त्याचा क्रमांक २८१ होता. त्या काळचे विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारा यांचा सांगाडा. वैमानिक उघड्यावर बसे आणि खाली पडून मरणाऱ्यांच्या बातम्या नित्याच्याच असत.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की ही धाडसी बाई खरी, पण तिच्या धाडसाचा दुसऱ्यांस काय उपयोग? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु त्यांचे खरे चरित्र येथून पुढे सुरू होते.

रणांगणावर सैनिक जखमी झाला की त्याला डोलीत किंवा घोड्याच्या गाडीत घालून इस्पितळात नेत. वाटेत हिसके बसत, रक्त वाहत राही, आणि शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळांचे प्राण जात. जखमेपेक्षा वाटच घातक ठरे. विमानाने हे अंतर थोड्या वेळात काटता येईल, हे मारीबाईंनी १९१० सालीच ओळखले आणि सरकारपुढे ती कल्पना मांडली. विमान हे नुसते करमणुकीचे वा लढाईचे यंत्र असे लोक मानीत होते, त्या काळची ही गोष्ट.

भगिनींनो, वाटेवरच्या मरणाची गोष्ट मला नवी नाही. माझे माहेर डोंगरातले. मी लहान असताना आमच्या एका चुलतीला भर पावसाळ्यात बाळंतपणाच्या वेणा सुरू झाल्या. मूल आडवे होते. चौघांनी बाजेला दांडे बांधून तिला उचलले, पण ओढ्याला पूर आलेला. पाणी उतरण्याची वाट पाहत सारे काठावर पहाटेपर्यंत बसले. सडकेपर्यंत तिला नेले, पण तोवर ती आणि तिचे मूल दोघेही गेली होती. दवाखाना होता, डॉक्टरही होते, फक्त मध्ये ओढा होता. त्यामुळे मारीबाईंचा हट्ट मला चटकन समजला.

सरकारकडून काम होईना, तेव्हा मारीबाईंनी स्वतः पैसा उभा केला. देपेर्द्युसँ कंपनीचे कुशल अभियंता लुई बेशेरो यांच्या साह्याने विमानाचा आराखडा ठरला आणि १९१२ साली त्या कंपनीकडे मागणी नोंदविली गेली. वर्गणी गोळा करणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळातील प्रत्येकीला ठाऊक आहे. दहा दारे चढावी तेव्हा एका दारात पाच रुपये मिळतात. अशा पैशावर बेतलेले ते विमान कधीच तयार झाले नाही. १९१३ साली कंपनीचे मालक आर्मां देपेर्द्युसँ यांना अफरातफरीच्या आरोपावरून अटक झाली आणि कंपनी बुडाली. उरले ते कागदावरचे विमान. नान्सीचे चित्रकार एमिल फ्रियाँ यांनी १९१४ साली त्याचे चित्र काढले आहे.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. मारीबाईंनी तांबड्या क्रॉसच्या परिचारिका म्हणून सेवा केली. काही काळ पुरुषाच्या वेषात त्या पायदळाच्या खंदकातही होत्या, पण ओळखल्या गेल्यावर परत पाठविल्या गेल्या. शत्रूच्या तळावर त्यांनी विमानातून बाँबफेकही केली आणि त्याबद्दल त्यांना युद्धपदक मिळाले. जीव वाचविण्यासाठी विमान मागणाऱ्या बाईच्या हातून हेही घडले. चरित्र सांगताना ते लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

युद्ध संपले तरी त्यांनी आपला नाद सोडला नाही. त्या गावोगावी, देशोदेशी व्याख्याने देत फिरल्या. त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात सांगतात. १९२९ साली रुग्णविमानांचा पुरस्कार करणारी एक संस्था त्यांनी सहकाऱ्यांसह काढली, आणि त्याच वर्षी या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला भरली. मोरोक्कोच्या वाळवंटात विमानाची चाके वाळूत रुतत. त्यावर त्यांनी बर्फावरच्या पट्ट्यांसारख्या धातूच्या पट्ट्या बसविण्याची युक्ती काढली. १९३४ साली तेथे नागरिकांसाठी रुग्णविमानांची सोय उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे पहिली मागणी नोंदविल्यापासून बावीस वर्षांनी त्यांचे स्वप्न त्यांच्या डोळ्यांपुढे उडाले.

पण विमानात नुसता रोगी घालून भागत नाही. उंचावर हवा विरळ असते, थंडी असते, धक्के बसतात. तेथे रोग्याची शुश्रूषा कशी करावी हे जाणणारी परिचारिका हवी. म्हणून मारीबाईंनी परिचारिकांना त्याचे शिक्षण देण्याचा पाठपुरावा केला. १९३५ साली विमानातील परिचारिका म्हणून पहिले प्रमाणपत्र त्यांनाच मिळाले. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते! लोकांना हा विषय पटावा म्हणून त्यांनी त्यावर दोन बोलपटही काढले.

ऐंशीव्या वाढदिवसाला एका अमेरिकन वैमानिकाने त्यांना लढाऊ जेट विमानातून नान्सीवर फिरवून आणले. त्यानंतर त्या हेलिकॉप्टर चालवावयास शिकू लागल्या. १९६१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्या सायकलवरून नान्सीहून पॅरिसला गेल्या. पदके पुष्कळ होती, पैसा मात्र उरला नव्हता. १४ डिसेंबर १९६३ रोजी नान्सीजवळच्या एका आश्रमात त्या निवर्तल्या.

आज कित्येक देशांत रुग्णविमाने व हेलिकॉप्टरे रात्रंदिवस सज्ज असतात. अमेरिकेत तर काही हौशी वैमानिक स्वखर्चाने आपल्या लहान विमानांतून गरीब रोग्यांना दूरच्या इस्पितळांत पोहोचवितात, आणि काहीजण बेवारशी कुत्र्यांनासुद्धा नव्या घरी नेतात. यांपैकी बहुतेकांनी मारीबाईंचे नावही ऐकले नसेल.

आपण मंडळाच्या बायका विमाने विकत घेणार नाही. परंतु आपल्या वस्तीत रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल, रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक कसा लावावा, कोणत्या इस्पितळात कोणती सोय आहे, बरोबर कोण जाईल, हे एका कागदावर लिहून मंडळाच्या फळ्यावर आपण नक्कीच लावू शकतो. कोणाच्या घरी दिवस भरत आले आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मी माझे नाव त्या यादीत पहिले लिहून ठेवले आहे. वाहन चालवता येत नसले तरी रोग्याजवळ बसून त्याचा हात धरता येतो. बाकीच्या भगिनींनी वर्धापनदिनाच्या दिवशीच आपापली नावे द्यावीत, ही विनंती करून मी आपली रजा घेते.