धोका टळला, भीती राहिली



'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आपणांपैकी अनेकांना शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी मराठी ख्रिस्ती माणसाला त्या आपल्या घरच्याच वाटतात. आज त्यांच्या जीवनातील एका गोष्टीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले कुटुंबात झाला. त्याआधी, १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत, त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. बंड शमले, वर्षे लोटली, पण घरातले धुणे काही थांबले नाही. आईचा जीव त्यात मेटाकुटीला आला. ज्यांना समाज अस्पृश्य म्हणत होता, त्यांचा तर त्यात अपमानच होता.

माणसाचे मन असेच आहे. संकटात ज्या गोष्टीने थोडे सुरक्षित वाटले, ती गोष्ट ते घट्ट धरून ठेवते. धोका टळल्याचे बुद्धीला कळते, हातांना कळत नाही. आणि ती सवय पुढच्या पिढीच्याही अंगवळणी पडते.

लक्ष्मीबाईंचेही तसेच झाले. लहानपणीच त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळेच होते. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हा भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंना स्वतःलाच उमगले आणि त्यांनी तो सोडला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अनाथ मुलांना पोटाशी धरले. वडिलांच्या वेडाविषयीही त्यांनी लिहिले, पण त्यात कडवटपणा नाही. १९३६ साली त्या देवाघरी गेल्या.

आपल्या झरी जामणीच्या परिसरात घरभेटीला गेल्यावर आम्हालाही अशा सवयी दिसतात. घरात ज्वारीची पोती असतात, तरी आजी उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवते. नवऱ्याची दारू सुटून वर्षे झाली, तरी दार वाजले की बाई दचकते. नातवंडे हसतात, नवरा चिडतो. ज्या सवयीने एकेकाळी जीव वाचवला, तिला हसू नये. आजीजवळ बसून, ते दिवस कसे काढले, हे तिला विचारावे. आणि दचकणाऱ्या बाईच्या नवऱ्याने रागावण्यापेक्षा धीर धरावा.

पुनरुत्थित प्रभूला पाहिल्यानंतर आठ दिवसांनीही शिष्यांची दारे बंदच होती. प्रभू त्यांना रागावला नाही. बंद दारांतून आत येऊन त्याने त्यांना शांती दिली. या आठवड्यात आपणही आपल्या घरातील एका भ्यालेल्या माणसाजवळ असेच शांतपणे बसू या.

आपले धर्मगुरू