घराचे कर्ते पुरुष : मालोजीराजे भोसले

छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत आहे. शहाजीराजांचा पराक्रमही सर्वश्रुत आहे. परंतु या थोर घराण्याचा पाया ज्यांनी आपल्या कष्टाने घातला, ते शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचे चरित्र फारसे सांगितले जात नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराचे मंगल कार्य गावाने सिद्धीस नेले असता त्यांचे पुण्यस्मरण होणे उचितच होय. कारण मालोजीराजे जितके शूर शिपाई होते, तितकेच ते घराचे खरे कर्ते पुरुष आणि जीर्णोद्धारक होते.

मालोजीराजे हे बाबाजी भोसले यांचे थोरले चिरंजीव. धाकटे बंधू विठोजीराजे. वेरूळची पाटिलकी आणि शेतीवाडी एवढाच या घराचा प्रपंच होता. त्या काळी या मुलखावर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. कडा-आष्टीचा भागही त्यातच मोडत असे. पाटिलकीच्या उत्पन्नावर घराचा विस्तार भागेना, तेव्हा दोघे बंधू तलवार घेऊन बाहेर पडले. सिंदखेडचे सरदार लखुजी जाधवराव यांच्या पदरी त्यांनी प्रथम चाकरी केली, असे बखरी सांगतात. पुढे निजामशाहीत त्यांनी आपल्या मनगटाच्या बळावर नाव मिळविले, आणि पुणे व सुपे हे परगणे जहागिरीदाखल त्यांच्याकडे आले.

या काळात दोघा भावांनी एकमेकांची साथ कधी सोडली नाही. थोरल्याने पुढे व्हावे आणि धाकट्याने पाठ राखावी, अशी त्या घरची रीत होती. मालोजीराजांच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील. बरीच वर्षे त्यांना मूलबाळ नव्हते. नगरच्या शाहशरीफ पिराला नवस बोलल्यावर दोन पुत्र झाले, म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. कुळाचा महादेव मनोभावे पुजणाऱ्या या माणसाला पिराच्या दारी जाण्यात कमीपणा वाटला नाही. थोर संतकवी शेख महंमद यांचे जन्मगाव आष्टी तालुक्यातील वाहिरा हे मानले जाते. त्यांनाही मालोजीराजांनी श्रीगोंद्यास मानाने आणून मठासाठी जमीन दिली.

मालोजीराजांना शेतात गुप्तधन सापडले आणि ते त्यांनी श्रीगोंद्याच्या शेषो नाईक या सावकाराकडे ठेवले, अशी कथा बखरकारांनी लिहून ठेवली आहे. परंतु धन सापडणे हे दैवाधीन असते. ते कोठे लावायचे, हे मात्र माणसाच्या हाती असते. दिवस मोठ्या धामधुमीचे होते. इ. स. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला आणि कोणाची जहागीर उद्या राहील याचा भरवसा उरला नाही. अशा वेळी पैसा गाठीशी बांधून ठेवावा असेच कोणालाही वाटेल. मालोजीराजांनी तो देवाकडे आणि पाण्याकडे लावला.

वेरूळचे श्रीघृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्याचे देऊळ मोडकळीस आले होते. मालोजीराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. दुसरे काम शिखर शिंगणापूरचे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात डोंगरावर वसलेला शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. त्याची मोठी यात्रा चैत्रात भरते, आणि नेमका तोच पाण्याच्या टंचाईचा काळ. उन्हातान्हात डोंगर चढून आलेल्या यात्रेकरूंचे घोटभर पाण्यावाचून हाल होत. हे ओळखून मालोजीराजांनी तेथे मोठा तलाव बांधला. पाण्याचे दुर्भिक्ष म्हणजे काय हे १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या कडा-आष्टीच्या मंडळींना सांगावयास नको. देवाच्या दारी आलेला मनुष्य तहानलेला राहू नये, ही त्यांची भक्ती होती.

मालोजीराजांना पिकल्या वयाचे सुख मात्र लाभले नाही. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात इंदापूरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले. उमाबाईंवर आकाश कोसळले. घर विस्कटण्याची वेळ आली होती. अशा प्रसंगी विठोजीराजे पुढे झाले. त्यांना स्वतःचे आठ पुत्र होते, तरी शहाजी व शरीफजी यांचा सांभाळ त्यांनी आपपरभाव न ठेवता केला आणि जहागिरीचा कारभार राखला. थोरल्या भावाने आयुष्यभर जे पेरले, ते असे धाकट्याच्या हातून उगवले.

पुढे इ. स. १६२४ मध्ये भातवडी येथे मलिक अंबराने मोगल व आदिलशाही यांच्या फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजांनी मोठी कीर्ती मिळविली आणि शरीफजीराजे धारातीर्थी पडले. हे भातवडी कडा व नगर यांच्या दरम्यानच्याच मुलखात आहे. पुढे इ. स. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. आजोबांनी नातवाचे मुख पाहिले नाही. परंतु पुणे-सुप्याच्या ज्या जहागिरीतून स्वराज्याचा आरंभ झाला, ती आजोबांनीच घरात आणलेली होती.

घृष्णेश्वराचे देऊळही काळाच्या ओघात पुन्हा जीर्ण झाले. अठराव्या शतकात होळकर घराण्यातील गौतमाबाई आणि अहिल्यादेवी यांनी तेथे पुन्हा काम केले, आणि त्या काळचे देऊळ अद्याप उभे आहे. कोणतेच देऊळ एकदा बांधून कायमचे होत नाही. एका पिढीने उभारावे, दुसरीने सांभाळावे आणि तिसरीने पुन्हा डागडुजी करावी, असाच हा वारसा चालत आला आहे. ज्यांनी आपल्या घामाच्या पैशातून, धान्यातून वा श्रमदानातून या कार्यास हातभार लावला, ते सर्व लहानथोर याच परंपरेचे वारस होत. घर एकोप्याने चालवावे, मिळकतीतला वाटा देवाला आणि तहानलेल्याला द्यावा, आणि आपल्यामागे काम सांभाळणारी माणसे तयार करावी, हीच मालोजीराजांच्या जीवनाची शिकवण आहे.

त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.