हात हलला, पण हलवला कोणी? मेंदूचा नकाशा काढणाऱ्या डॉ. पेनफिल्ड यांची गोष्ट

डोक्याचं ऑपरेशन सुरू आहे आणि पेशंट जागा राहून डॉक्टरांशी बोलतोय! मॉन्ट्रियलमध्ये डॉ. वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराची, म्हणजेच फिट्सची ऑपरेशन्स अशीच करायचे. पण हा माणूस होता कोण?

पेनफिल्ड यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या स्पोकेनचा. ऑक्सफर्डला शिकून, न्यूयॉर्कमध्ये काम करून १९२८ मध्ये ते कॅनडात आले. त्याच वर्षी सख्ख्या बहिणीवर, रुथवर ऑपरेशन करायची वेळ आली. तिला अनेक वर्षं फिट्स येत होत्या. कारण निघालं मेंदूतली गाठ. मेंदूचा पुढचा बराच भाग काढूनही गाठ पूर्ण निघाली नाही.

रुथ घरी परतली. बोलणं-वागणं नीट होतं. पण साधारण सव्वा वर्षानंतर घरच्यांसाठी आणि एका पाहुण्यासाठी तिनं स्वयंपाक करायला घेतला आणि ती गोंधळून गेली. सामान समोर होतं, हात चालत होते. आधी काय आणि मग काय, हेच जुळेना. पेनफिल्ड यांनी १९३५ मध्ये ही नोंद शोधनिबंधात छापली. तोवर रुथ गेली होती. तिच्या आजारातूनच एका खास संस्थेची जिद्द पक्की झाली आणि १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली.

आता पेशंटला जागं का ठेवायचं? मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्यामुळे डोक्याची कातडी बधिर केली की भागतं. मग मेंदूवर सौम्य करंट देऊन कोणता भाग काय करतो हे तपासायचं, म्हणजे फिट्सचा भाग काढताना बोलणं आणि हालचाल वाचते.

करंट दिला की हात हलायचा. पण तो आपण हलवला असं पेशंटला वाटत नसे; तो डॉक्टरांनीच हलवला, असं ते सांगत. १९५१ मध्ये पेनफिल्ड आणि वेल्श यांनी मेंदूच्या आतल्या बाजूच्या 'सप्लिमेंटरी मोटर एरिया'चं वर्णन केलं. पुढे कळलं की स्वतःहून हालचाल करण्याआधीच हा भाग कामाला लागतो. १९९१ मध्ये तर काही अपस्मार पेशंटना इथे करंट दिल्यावर हात न हलता नुसती हलवायची ओढ जाणवली.

पेनफिल्ड १९७६ मध्ये गेले. करंटनं हात हलवता आला, पण पेशंटची इच्छा कुठून येते ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. तो शोध आजही सुरू आहे आणि त्यात मोठा वाटा उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या अपस्मार पेशंटचाच आहे.