अमेरिकेची वर्दी घातली, पण तिथलं नागरिक व्हायला भगतसिंग थिंद यांना १८ वर्षं लागली

९ डिसेंबर १९१८. पहिलं महायुद्ध संपून महिनाही झाला नव्हता. अमेरिकी लष्करातल्या एका शीख जवानाला वॉशिंग्टन राज्यात अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. ते त्यानं वर्दीतच स्वीकारलं. आणि चारच दिवसांत ते काढूनही घेण्यात आलं.

कारण एकच. तो गोरा नव्हता.

या जवानाचं नाव भगतसिंग थिंद. नाव वाचून गोंधळ होऊ शकतो, पण हे हुतात्मा भगतसिंग नव्हेत. थिंद त्यांच्यापेक्षा १५ वर्षांनी मोठे. जन्म १८९२ चा, पंजाबातल्या अमृतसर जिल्ह्यातला.

४ जुलै १९१३ ला, म्हणजे नेमकं अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, थिंद सिॲटलला पोहोचले. यायचं कारण होतं शिक्षण. खर्च भागवायला ते ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांमध्ये राबले. तिथं बरेच पंजाबी कामगार होते आणि गदर चळवळीची हवाही होती. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकलेही.

२२ जुलै १९१८ ला ते अमेरिकी लष्करात भरती झाले. त्या युद्धात अमेरिकेच्या फौजेत परदेशात जन्मलेले सुमारे ५ लाख सैनिक होते. थिंद त्यातलेच एक, पण पगडीमुळे वेगळे दिसणारे. लष्करानं त्यांना पगडी घालायची परवानगी दिली होती. नोव्हेंबरमध्ये ते हंगामी सार्जंट झाले. डिसेंबरमध्ये युद्ध संपल्यामुळे त्यांना सन्मानानं सेवामुक्त केलं गेलं. वर्तणुकीचा शेरा होता, उत्कृष्ट.

मग नागरिकत्वाचं घोडं अडलं कुठं?

अमेरिकेनं मे १९१८ मध्ये कायदा करून परदेशी सैनिकांना नागरिकत्व मिळवणं सोपं केलं होतं. पण जुनी अट तशीच राहिली. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येत असे. भरतीच्या वेळी वंश आड आला नाही, नागरिकत्व मागितल्यावर मात्र तो आला.

थिंद यांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी ओरेगॉनमध्ये. सरकारी अधिकाऱ्यानं विरोध केला, गदरशी संबंध असल्याचा मुद्दा काढला. पण न्यायाधीशांनी थिंद यांची लष्करी सेवा पाहिली, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि नोव्हेंबर १९२० मध्ये नागरिकत्व दिलं. सरकार अपिलात गेलं आणि खटला सुप्रीम कोर्टात पोहोचला.

इथं थिंद यांच्या बाजूनं जो युक्तिवाद झाला तो आज वाचताना खटकतो. वंशाची अटच चुकीची आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. आपण उच्च जातीचे आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोऱ्यांमध्येच मोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामागे हिशेब होता. तीनच महिने आधी याच कोर्टानं ताकाओ ओझावा या जपानी माणसाला तो कॉकेशियन नाही म्हणून नाकारलं होतं.

पण १९ फेब्रुवारी १९२३ ला कोर्टानं पवित्रा बदलला. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असं ठरवून सर्व न्यायाधीशांनी एकमतानं थिंद यांच्या विरोधात निकाल दिला.

फटका एकट्या थिंद यांना बसला नाही. आधीच नागरिक झालेल्या इतर भारतीयांचं नागरिकत्व रद्द करायला सरकारनं सुरुवात केली. जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नव्हती, त्यामुळे शेतकरीही अडकले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांनी नागरिकत्व गेल्यावर १९२८ मध्ये आयुष्य संपवलं.

थिंद यांच्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. त्यांना १९१४ मध्ये मिळालेलं नागरिकत्वही सरकारनं काढायला घेतलं. पण पंडित लढले आणि जिंकले. एवढा जुना निकाल आता उकरता येणार नाही, असं कोर्टानं मान्य केलं. मग सरकारची ही मोहीम थंडावली.

थिंद मात्र अमेरिकेतच राहिले. गावोगावी फिरून अध्यात्मावर व्याख्यानं दिली, पुस्तकं लिहिली. हजारो अमेरिकन लोक त्यांना ऐकायला येत, पण कागदावर ते परकेच होते.

शेवटी वाट निघाली ती वर्दीमुळेच. १९३५ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला आणि पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिंद तिसऱ्यांदा अमेरिकेचे नागरिक झाले, आणि या वेळी कायमचे. बाकी भारतीयांना मात्र १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

१५ सप्टेंबर १९६७ ला थिंद यांचं निधन झालं. आपण गोरे आहोत हे पटवून देण्यात त्यांची पाच वर्षं गेली आणि ते हरले. जे त्यांनी १९१८ मध्येच करून दाखवलं होतं, ती लष्करातली काही महिन्यांची सेवा, तीच शेवटी कामी आली.