तांब्या आणि पाट

राजगडाची वाट धरणारा वाटसरू मार्गासनीस थांबून पाणी मागतो, तेव्हा त्यास तांब्या भरून देणे हा धर्म होय, हे सर्वांस मान्य आहे. परंतु तोच वाटसरू परजातीचा निघाला आणि त्याचा पाट आपल्या पंगतीत मांडावयाचा म्हटले, म्हणजे पुष्कळांचा हात अडखळतो. हे अंतर ज्यांनी आपल्या घरापासून तोडावयास आरंभ केला, त्या कै. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण आम्ही आज करीत आहो.

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुळात जन्मले. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आरंभी त्यांचे सोवळे व चूल निराळीच होती. टिळकांनी सक्ती केली नाही, वाट पाहिली. जातिभेद देवाचा नव्हे, मनुष्याचा, हा निवाडा बाईंनी स्वतःच्या बुद्धीने केला व आपल्या ‘स्मृतिचित्रां’त तो प्रांजळपणे सांगितला.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीत बहुतेक लोक महार-मांग समाजातून आलेले. त्यांत टिळक उपकारकर्ते म्हणून नव्हे, बंधू म्हणून वावरले. तुकोबांच्या अभंगांनी आपणांस ख्रिस्ताकडे नेले, असे ते मानीत. म्हणून विलायती चालींच्या जागी त्यांनी अभंग, भजन व कीर्तन आणले. हिंदू राहिलेले तरुण कवी ठोमरे, म्हणजे बालकवी, त्यांच्या घरी घरच्यासारखे राहिले. अखेरीस १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखेच आसन होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले, आणि दरबार फार काळ तगला नाही.

म्हणून तो व्यर्थ गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांचा धर्म वाचकांनी स्वीकारावा, असेही आमचे म्हणणे नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. विहीर, देऊळ, दुकान यांची दारे कायद्याने उघडली. परंतु आम्ही कायदा शिकलो आहो, त्याची धाव आम्हांस ठाऊक आहे. कोर्टाचा हुकूम माजघरापर्यंत पोहोचत नाही. तेथील पाट घरधन्यानेच मांडावा लागतो.