थांबेल की थांबणार नाही?

एखादा प्रोग्रॅम सुरू केल्यावर तो कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील, हे संगणक आधीच सांगू शकेल काय? आज ना उद्या वेगवान संगणक सांगेलच, असे छातीठोकपणे म्हणणारे आम्हास नेहमी भेटतात. त्यांनी अ‍ॅलन ट्युरिंग समजून घ्यावेत. १९३६ साली, आजचा संगणक जन्मालाही आला नव्हता तेव्हा, २३ वर्षांच्या ह्या तरुणाने वादाचा पायाच उखडला होता.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आईबाप हिंदुस्थानात, मुले इंग्लंडात परक्यांच्या घरी, असे बालपण. केंब्रिजला मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून हिल्बर्टचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होऊ शकते की नाही, हे ठरवणारी ठरीव कृती असते काय? उत्तरासाठी त्यांनी कागदावरच एक यंत्र कल्पिले. लांबच लांब फीत, तिच्यावरचे एकेक चिन्ह वाचायचे, पुसायचे, लिहायचे, सरकायचे. बस्स!

तो युक्तिवाद आजच्या भाषेत असा मांडतात. समजा, सर्व प्रोग्रॅमांचा निवाडा करणारा न्यायाधीश-प्रोग्रॅम तुमच्यापाशी आहे. आम्ही त्यालाच पोटात घालून एक खट्याळ प्रोग्रॅम लिहू. न्यायाधीश थांबेल म्हणाला की हा फिरत राहणार, थांबणार नाही म्हणाला की हा चटकन थांबणार. आता न्यायाधीशाला ह्या खट्याळाविषयीच विचारा. कोणताही निकाल दिला तरी खोटाच! म्हणजे असा न्यायाधीश असूच शकत नाही. एखाददुसऱ्या प्रोग्रॅमचे सांगता येते, परंतु सगळ्यांचे सांगणारी एकच कृती नाही. इथे वेगाचा प्रश्नच येत नाही.

महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच माणसावर १९५२ साली समलैंगिक संबंधांबद्दल खटला भरला गेला. तुरुंग टाळायचा तर हार्मोनचे उपचार घ्या, अशी अट! त्यांनी ती सोसली. ७ जून १९५४ रोजी, ४१ व्या वर्षी, सायनाईडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने ती कधीच मान्य केली नाही.

२००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली. २०१३ मध्ये राणीने ट्युरिंग यांनाच क्षमा केली. क्षमा! गुन्हा कोणाचा होता? आणि तशाच कायद्यांखाली शिक्षा भोगून मेलेल्या इतर हजारोंना मात्र तेवढ्यासाठीही २०१७ पर्यंत थांबावे लागले.