जॉन फ्रायर

जॉन फ्रायर (जन्म: सुमारे १६५०, मृत्यू: ३१ मार्च १७३३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील इंग्रज वैद्य व प्रवासी लेखक होते. त्यांच्या प्रवासवर्णनातून सतराव्या शतकातील महाराष्ट्राची आणि येथील रोगनिदानाच्या पद्धतींची माहिती मिळते.

शिक्षण व भारतात आगमन

फ्रायर यांनी १६७१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेतली. डिसेंबर १६७२ मध्ये ते इंग्लंडहून निघाले व मछलीपट्टणम, मद्रासमार्गे १६७३ च्या अखेरीस मुंबईस पोहोचले.

जुन्नरचा प्रवास

१६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल सुभेदाराने उपचारासाठी मुंबईहून वैद्य मागविला, तेव्हा फ्रायर यांना पाठविण्यात आले. वाट चुकल्याने ते नाणेघाटाऐवजी अवघड आहुपे घाटाने सह्याद्री चढले. हा घाट घोड नदीच्या उगमाकडील भागात असून याच नदीवर पुढे आता डिंभे धरण आहे. परतताना ते नाणेघाटाने उतरले.

रुग्ण स्त्री पडद्याआड असल्याने त्यांना केवळ नाडीवरून निदान करावे लागले. त्यांची पारख करण्यासाठी आधी एका निरोगी दासीचा हात पुढे करण्यात आला. त्यांनी नाडी निर्दोष असल्याचे सांगितल्यावरच रुग्णेचा हात दाखविण्यात आला.

मूत्रपरीक्षेविषयीची नोंद

मध्ययुगीन युरोपात काचेच्या पात्रातील मूत्राचा रंग, दाटपणा व गाळ पाहून निदान करीत. हे पात्र वैद्याचे चिन्हच बनले होते. या परंपरेत शिकलेल्या फ्रायर यांनी एतद्देशीय वैद्य नाडी जाणण्याचा दावा करतात, पण मूत्र पाहत नाहीत, असे नोंदविले.

ही नोंद त्यांना दिसलेल्या व्यवहारापुरती ग्राह्य आहे. शास्त्रग्रंथांना ती लागू पडत नाही. चरक व सुश्रुत संहितांत मूत्रलक्षणांवरून प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेहातील मूत्राचे माधुर्यही नोंदविले आहे. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी या माधुर्याचे वर्णन १६७४ मध्ये प्रसिद्ध केले. योगरत्नाकर या ग्रंथातील अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर मूत्राचाही समावेश आहे. त्यात मूत्रावर तेलाचा थेंब टाकून त्याच्या पसरण्यावरून रोगाची साध्यासाध्यता ठरविण्याची रीत दिली आहे.

उत्तरायुष्य

इराणच्या प्रवासानंतर फ्रायर १६८२ मध्ये मायदेशी परतले. १६९७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढील वर्षी त्यांचे आठ पत्रांच्या स्वरूपातील प्रवासवर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.